स्टॅटिक मेथड कॉलबॅक म्हणून दुसऱ्या क्लासला देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या आमच्या संध्याकाळच्या पीएचपी वर्गाला येणारे बहुतेक जण कुठे ना कुठे कामाला आहेत. कुणी उद्यमनगरातल्या फाउंड्रीचं स्टॉकचं सॉफ्टवेअर सांभाळतं, कुणी वर्डप्रेसची कामं घेतं, कुणी गावच्या दूध संस्थेचं बिलिंग लिहितं. कॉलबॅकचा (म्हणजे दुसऱ्या कोडने नंतर बोलवावी म्हणून त्याच्या हाती दिलेली मेथड किंवा फंक्शन) विषय निघाला की प्रश्न ठरलेले असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे, दूध संस्थेचं. `दर` नावाच्या क्लासमध्ये `म्हैस` आणि `गाय` या दोन स्टॅटिक मेथड (ऑब्जेक्ट न बनवता क्लासच्या नावाने बोलवता येणाऱ्या) आहेत. दोन्हींना फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून इतर घन घटक) द्यायचं, त्या लिटरचा दर परत देतात. `बिल` हा क्लास सभासदाच्या दोन्ही वेळच्या दुधाची बेरीज करून बिल काढतो.

उदाहरणांतली क्लास, मेथड आणि व्हेरिएबलची नावं देवनागरीत आहेत आणि पीएचपीला ती खरोखरच चालतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली हवी, एवढंच. भाषेचे स्वतःचे शब्द (क्लास, स्टॅटिक, सेल्फ, एफएन वगैरे) आणि तयार फंक्शनांची नावं मात्र तुमच्या एडिटरमध्ये नेहमीसारखी रोमनमध्येच टाइप करायची.

## दुसऱ्या क्लासला मेथड द्यायचीच कशाला? `बिल` मधूनच `दर::म्हैस()` बोलवली तर काय बिघडतं?

दोनच दर असतील आणि कायम दोनच राहणार असतील तर काहीच बिघडत नाही. थेट बोलवा.

पण दूध संस्थेत तसं राहत नाही. म्हशीचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ धरून ठरतो, गाईचा ३.५ आणि ८.५ धरून. मग मधेच दरपत्रक बदलतं आणि एकाच बिलात काही दिवस जुना दर, काही दिवस नवा. दिवाळीला दूध फरक वाटायचा असतो, त्याचं गणित आणखी वेगळं. हे सगळं `बिल` मध्ये इफ-एल्सने भरत गेलात की बेरीज करणारा क्लास दरपत्रकाचा जाणकार होऊन बसतो. मग दर बदलला की बेरजेच्या कोडला हात लागतो, आणि बेरजेत चूक झाली की सभासद पावती घेऊन काउंटरवर उभा.

`बिल` ला एवढंच कळावं: मला एक सूत्र दिलं आहे, त्याला फॅट-एसएनएफ दिलं की दर मिळतो. सूत्र म्हशीचं, गाईचं की फरकाचं, ते देणाऱ्याने ठरवावं.

## स्टॅटिक मेथड किती प्रकारे देता येते?

तीन.

```
$बिल->तयार('दर::म्हैस');
$बिल->तयार(['दर', 'म्हैस']);
$बिल->तयार(दर::म्हैस(...));
```

पहिल्या प्रकारात सगळं एका स्ट्रिंगमध्ये, हे पीएचपी ५.२.३ पासून चालतं. दुसऱ्यात दोन घरांचा ॲरे, एकात क्लासचं नाव, दुसऱ्यात मेथडचं. हा सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. तिसरा २०२१ च्या नोव्हेंबरात आलेल्या ८.१ मधला. त्यातले तीन टिंब म्हणजे ‘इथे काहीतरी लिहा’ असं नाही. ते तीन टिंब तसेच टाइप करायचे. त्याने मेथड चालत नाही, तिच्यापासून एक क्लोजर ऑब्जेक्ट तयार होतो, म्हणजे हवं तेव्हा बोलवता येणारं, ऑब्जेक्टच्या रूपातलं फंक्शन.

तुमचा सर्व्हर ८.१ किंवा पुढचा असेल तर तिसराच वापरा, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या दोन्हींत तुम्ही फक्त नाव पाठवता. ते नाव कोण वाचतं, कुठल्या क्लासमध्ये वाचतं, यावर ते चालणार की नाही हे ठरतं. क्लोजरमध्ये मेथड तिथल्या तिथे शोधली जाते, परवानगी तिथेच तपासली जाते, आणि नाव चुकलं असेल तर एरर त्याच ओळीवर येते. पुढचे निम्मे प्रश्न या एका फरकातून निघतात.

## मी नुसतं `दर::म्हैस` लिहिलं, कंस न देता. एरर का?

जावास्क्रिप्टची सवय. पीएचपीला `दर::म्हैस` म्हणजे `दर` क्लासमधला `म्हैस` नावाचा कॉन्स्टंट वाटतो, आणि तो सापडत नाही. रिकामे कंस दिलेत, `दर::म्हैस()`, तर मेथड तिथेच चालू होते आणि फॅट-एसएनएफ दिलं नाही म्हणून वेगळी एरर येते. कंसात तीन टिंब हवेत.

## वर यूज लिहिलं आहे, तरी ‘क्लास सापडला नाही’ असं येतं

यूज म्हणजे दुसऱ्या नेमस्पेसमधला (क्लासच्या नावांच्या गटातला) क्लास आयात करणारी ओळ. स्ट्रिंगला तुमचं यूज कळत नाही. फाइलच्या माथ्यावर तुम्ही `डेअरी\हिशेब\दर` आयात केला असेल, पण `'दर::म्हैस'` ही स्ट्रिंग चालताना वाचली जाते तेव्हा पीएचपी मुळातला, नेमस्पेस नसलेला `दर` शोधतं. स्ट्रिंगमध्ये पूर्ण पत्ता द्यावा लागतो:

```
['डेअरी\हिशेब\दर', 'म्हैस']
```

हे हाताने लिहू नका. `[दर::क्लास, 'म्हैस']` लिहिलंत की पूर्ण नाव पीएचपी स्वतः भरतं; ही सोय ५.५ पासून आहे. तरी मेथडचं नाव स्ट्रिंगमध्येच राहतं, म्हणून तिथली चूक चालेपर्यंत कळत नाही. `दर::म्हैस(...)` मध्ये दोन्ही नावं साध्या कोडसारखी वाचली जातात, आणि एडिटरमधून मेथडचं नाव बदललं तर इथेही बदलतं.

देवनागरी नावं वापरणाऱ्यांनी आणखी एक जपावं. काही कीबोर्ड जोडाक्षरात न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही नावं सारखी दिसतात, पीएचपीला ती वेगळी. असा संशय आला तर नाव पुन्हा टाइप न करता मूळ जागेवरून कॉपी करून चिकटवा.

## प्रायव्हेट स्टॅटिक मेथड यूसॉर्टला दिली तर चालते, माझ्याच दुसऱ्या क्लासला दिली तर चालत नाही. असं कसं?

सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

समजा `अहवाल` क्लासमध्ये सभासदांना दुधाच्या प्रमाणानुसार क्रमाने लावायचं आहे. त्यासाठी `क्रम` ही प्रायव्हेट स्टॅटिक मेथड आहे. `अहवाल` च्याच एका मेथडमधून तुम्ही यूसॉर्टला `[सेल्फ::क्लास, 'क्रम']` देता. चालतं. यूसॉर्ट हे ॲरे क्रमाने लावणारं पीएचपीचं आतलं फंक्शन आहे, त्याला स्वतःचा क्लास नाही. परवानगी तपासताना पीएचपी बघतं की यूसॉर्टला कुणी बोलावलं. बोलावणारा `अहवाल` च आहे, आणि `अहवाल` ला स्वतःची प्रायव्हेट मेथड बोलवायची मुभा आहेच.

आता तुम्ही नीटनेटकेपणा म्हणून क्रम लावायचं काम `यादी` या वेगळ्या क्लासमध्ये नेता. तिथल्या `लावा` मेथडला कॉलेबल (बोलवता येण्यासारखं काहीही) टाइपचा पॅरामीटर आहे. तोच ॲरे तुम्ही तिला देता आणि टाइपएरर येते: कॉलेबल हवं होतं, ॲरे मिळाला. तुम्ही ॲरेकडे बघत बसता. स्पेलिंग बरोबर, क्लास बरोबर, मेथड आहे.

कॉलेबल हा टाइप इंट किंवा स्ट्रिंगसारखा सगळीकडे एकच अर्थ देणारा नाही. तपासणी `यादी::लावा` मध्ये शिरताना होते, म्हणजे `यादी` च्या जागेवरून. तिथून `अहवाल` ची प्रायव्हेट मेथड बोलवता येत नाही. म्हणून तिथे हा ॲरे कॉलेबल ठरत नाही, तो साधा ॲरे ठरतो. तोच ॲरे एका क्लासमध्ये कॉलेबल, दुसऱ्यात नाही. त्यात ही एरर कारण सांगत नाही, फक्त ‘ॲरे मिळाला’ म्हणते. पॅरामीटरचा कॉलेबल टाइप तात्पुरता काढून बघा: आता एरर `यादी` मधल्या यूसॉर्टवर येईल आणि प्रायव्हेट मेथडपर्यंत पोचता येत नाही असं स्पष्ट लिहून येईल. कारण शोधायला ही युक्ती उपयोगी पडते. कारण कळलं की टाइप परत लावा.

बरेच जण इथे मेथड पब्लिक करून मोकळे होतात. तसं करू नका. `क्रम` हा `अहवाल` चा आतला व्यवहार आहे. तो पब्लिक केलात की सहा महिन्यांनी कुणीतरी तो बाहेरून वापरतं आणि मग तो बदलता येत नाही. उपाय एका ओळीचा आहे:

```
$यादी->लावा(सेल्फ::क्रम(...));
```

क्लोजर `अहवाल` च्या आत तयार झाला, तिथे परवानगी होती, आणि ती परवानगी तो सोबत घेऊन जातो. ७.१ ते ८.० च्या सर्व्हरवर हेच काम क्लोजर क्लासची फ्रॉमकॉलेबल ही मेथड करते. तिला तो ॲरे द्या, पण `अहवाल` च्या आत बसूनच. `यादी` मध्ये पोचल्यावर ती वापरून उपयोग नाही.

## `'सेल्फ::क्रम'` अशी स्ट्रिंग दिली की ८.२ मध्ये डेप्रिकेटेडची सूचना येते. का?

कारण वरचंच. स्ट्रिंगमधला सेल्फ म्हणजे वाचणाऱ्याचा सेल्फ. `अहवाल` मध्ये लिहिलेली `'सेल्फ::क्रम'` ही स्ट्रिंग `यादी` मध्ये वाचली गेली तर पीएचपी `यादी` मध्ये `क्रम` शोधतं. ८.२ पासून स्ट्रिंगमधले किंवा ॲरेतले सेल्फ, पॅरेंट आणि स्टॅटिक हे तिन्ही शब्द कालबाह्य ठरवले आहेत, आणि ९.० मध्ये ते काढून टाकायचं ठरलं आहे. सूचना दाबून ठेवू नका, बदलून टाका.

## मग त्याच्या जागी सेल्फ लिहू की स्टॅटिक?

वारसा नसेल तर फरक नाही. वारसा असेल तर नीट वाचा.

समजा `दर` पासून `सणाचा_दर` निघाला आहे. `दर::म्हैस` च्या आत पायाभूत दरासाठी `स्टॅटिक::पाया()` बोलावलेलं आहे, आणि `सणाचा_दर` ने `पाया` स्वतःचा दिला आहे. `दर` मध्येच लिहिलेल्या एका मेथडमधून, पण `सणाचा_दर` च्या नावाने बोलावलं असताना, तुम्ही कॉलबॅक बाहेर देता:

`[सेल्फ::क्लास, 'म्हैस']` दिलंत तर ॲरेत `दर` हे नाव पक्कं होतं. पुढे तो चालेल तेव्हा `पाया` जुनाच लागेल.

`[स्टॅटिक::क्लास, 'म्हैस']` दिलंत तर ॲरेत `सणाचा_दर` येतं आणि `पाया` सणाचा लागतो.

`सेल्फ::म्हैस(...)` दिलंत तर `म्हैस` ही मेथड `दर` चीच घेतली जाते, पण मूळ हाक `सणाचा_दर` ची होती ही माहिती सोबत जाते. म्हणून `पाया` सणाचाच लागतो.

पहिला आणि तिसरा प्रकार सारखे दिसतात, वागतात वेगळे. जुना कोड नव्या पद्धतीत आणताना ॲरे पुसून तीन टिंब टाकत सुटाल आणि वारसा असलेल्या क्लासमध्ये बिलाचा आकडा बदलेल, कसलीही एरर न येता. अशा ठिकाणी आधी जुन्या कोडवर एक-दोन बिलं काढून ठेवा, मग बदल करून पैशापर्यंत ताडून बघा.

## जुन्या सर्व्हरवर चालतंय की! ८.० वर नेलं की ‘नॉन-स्टॅटिक मेथड’ म्हणून अडतं

मेथडवर स्टॅटिक लिहायचं राहून गेलं आहे. ७ च्या मालिकेत पीएचपी फक्त कालबाह्यची सूचना देऊन पुढे जायचं, आणि बऱ्याच सर्व्हरवर सूचना दिसतच नाहीत. ८.० पासून तो सरळ एरर आहे. मेथडमध्ये धिस वापरलेला नसेल तर स्टॅटिक लिहा, काम झालं. वापरलेला असेल तर ती मेथड स्टॅटिक नव्हेच, ऑब्जेक्ट बनवा आणि `$दरपत्रक->म्हैस(...)` द्या. `बिल` ला काहीच बदलावं लागत नाही, त्याला दोन्हीकडून क्लोजरच मिळतो.

## मिळालेला कॉलबॅक प्रॉपर्टीत ठेवायचा आहे. टाइप कॉलेबल दिला तर एरर येते

कॉलेबल हा प्रॉपर्टीचा टाइप म्हणून चालत नाही, आणि वर सांगितलं तेच त्याचं कारण: ठेवताना कॉलेबल असलेली गोष्ट वापरताना कॉलेबल असेलच असं नाही. प्रॉपर्टीचा टाइप क्लोजर ठेवा. कन्स्ट्रक्टरमध्ये कॉलेबल घ्या आणि साठवताना `$सूत्र(...)` लिहा. देणाऱ्याने स्ट्रिंग दिलेली असो, ॲरे असो की क्लोजर, साठताना क्लोजरच साठतो.

बोलवताना कंस विसरू नका, खास करून स्टॅटिक प्रॉपर्टीत:

```
बिल::$सूत्र($फॅट, $एसएनएफ);
(बिल::$सूत्र)($फॅट, $एसएनएफ);
```

पहिली ओळ `$सूत्र` हे जवळचं साधं व्हेरिएबल बघते, त्यात जे नाव असेल त्या नावाची `बिल` ची स्टॅटिक मेथड बोलवते. प्रॉपर्टीकडे ती बघतही नाही. तुम्हाला हवी आहे ती दुसरी ओळ.

## सूत्राला तारीखही द्यायची आहे, पण `बिल` फक्त फॅट आणि एसएनएफ देतं

मधे एक ॲरो फंक्शन, म्हणजे एका ओळीचं बिननावाचं फंक्शन, घाला (७.४ पासून):

```
$बिल->तयार(एफएन ($फॅट, $एसएनएफ) => दर::म्हैस($फॅट, $एसएनएफ, $तारीख));
```

`$तारीख` ची किंमत फंक्शन तयार होताना असेल तीच धरली जाते. लूपमध्ये हे लिहिलं तरी प्रत्येक फेरीला स्वतःची तारीख मिळते. `बिल` ला तिसरा पॅरामीटर जोडायचा मोह होतो, तो टाळा. आज तारीख, उद्या संस्थेचा कोड, परवा वाहतूक.

## वर्डप्रेसमध्ये हुक लावला, आता काढता येत नाही

तीन टिंबांची पद्धत जिथे मी वापरू नका म्हणतो, ती ही जागा. `दर::नोंद(...)` प्रत्येक वेळी नवा क्लोजर ऑब्जेक्ट तयार करतं. वर्डप्रेस हुक (ठरावीक घटनेला जोडलेला कॉलबॅक) ओळखताना ऑब्जेक्टची ओळख वापरतं. ॲड-ॲक्शनला एक ऑब्जेक्ट दिलात आणि रिमूव्ह-ॲक्शनला दुसरा, म्हणून हुक जागचा हलत नाही. `[दर::क्लास, 'नोंद']` दिलंत तर ओळख क्लास आणि मेथडच्या नावावरून बनते, मग दुसरं कुठलंही प्लगइन तो हुक काढू शकतं. आपला कोड इतरांनाही वापरता यावा असं वाटत असेल तर वर्डप्रेसमध्ये ॲरेच द्या, आणि मेथड पब्लिक ठेवा.

## रात्रीच्या कामाच्या रांगेत कॉलबॅक टाकला तर सीरियलाइझ होत नाही म्हणतं

क्लोजर सीरियलाइझ होतच नाही, म्हणजे साठवण्यासाठी त्याची स्ट्रिंग बनवता येत नाही. डेटाबेसमध्ये, कॅशमध्ये किंवा रांगेत जाणाऱ्या गोष्टी नावाच्याच रूपात पाठवा, म्हणजे `['डेअरी\हिशेब\दर', 'म्हैस']`. काम उचलल्यावर तिथे क्लोजर करून घ्या. मात्र नाव बाहेरून, म्हणजे फॉर्ममधून किंवा यूआरएलमधून येत असेल तर ते थेट कधीही बोलवू नका. पाठवणाऱ्याला तुमच्या सर्व्हरवर मनाला येईल ती मेथड चालवता येईल. परवानगी असलेल्या नावांची यादी कोडमध्ये ठेवा आणि तिच्यातूनच निवडा.

## फाइलवर स्ट्रिक्ट-टाइप्स लावलं आहे, तरी कॉलबॅकला स्ट्रिंगमधला आकडा गेला आणि चालला

ॲरे-मॅप, यूसॉर्ट ही आतली फंक्शनं तुमची मेथड बोलवतात तेव्हा तुमच्या फाइलचं स्ट्रिक्ट-टाइप्स (टाइप काटेकोर तपासायची सूचना) लागू होत नाही. `'6.5'` ही स्ट्रिंग असेल तर फ्लोट पॅरामीटरमध्ये ती मुकाट्याने ६.५ होते. मशीनवरून आलेल्या फॅटच्या फाइलमध्ये हे नेहमी घडतं. आकडे फाइल वाचतानाच तपासून घ्या, कॉलबॅकच्या भरवशावर ठेवू नका.

## कॉलेबल, क्लोजर की इंटरफेस? नेमकं काय मागायचं?

पब्लिक मेथडच्या पॅरामीटरला कॉलेबल, आत साठवायला क्लोजर. पण कॉलेबल म्हटल्याने पॅरामीटर किती आणि कुठले हे पीएचपी तपासत नाही. `गाय` च्या जागी कुणी भलतीच मेथड दिली तरी ती आत घेतली जाते. म्हणून डॉक-कॉमेंटमध्ये दोन फ्लोट घेऊन फ्लोट देणारा कॉलेबल असं लिहा आणि पीएचपीस्टॅन (कोड न चालवता तपासणारं साधन) चालवा. चुकीची मेथड ते चालवायच्या आधीच पकडतं.

सूत्राकडून दुसरी गोष्ट मागायची वेळ आली, म्हणजे दरासोबत पावतीवर छापायचं नावही, की कॉलबॅक सोडून इंटरफेस करा. दोन कॉलबॅक जोडीने फिरवत बसण्यात अर्थ नाही. एकच काम असेल तोवर कॉलबॅक उत्तम, आणि टेस्टिंगला फार सोयीचा: टेस्टमध्ये `बिल` ला ‘नेहमी पन्नास’ सांगणारं ॲरो फंक्शन द्या आणि फक्त बेरीज तपासा. दरपत्रकाला हातही लावावा लागत नाही.

## क्लायंटचा सर्व्हर ७.४ वर आहे. काय करू?

`[दर::क्लास, 'म्हैस']` वापरा, प्रायव्हेट असेल तिथे फ्रॉमकॉलेबल. सेल्फ-स्टॅटिकच्या स्ट्रिंग आजच काढून टाका, म्हणजे पुढे नेताना त्रास होणार नाही. आणि क्लायंटला स्पष्ट सांगा की ७.४ चे सुरक्षा अपडेट २०२२ च्या नोव्हेंबरात थांबले. सभासदांचे बँक खाते क्रमांक त्या सर्व्हरवर आहेत.